शेजारच्या आजोबांची ६८ ची मस्टँग, खरंच एक्सपेरिमेंटल असेल का?

कँटनकर_पोऱ्या

मंडळी नमस्कार, जरा लांबड लागणारे पण वाचा प्लीज. मी मिशिगनमधे कँटनला राहतो, म्हणजे फोर्डचं जे डिअरबॉर्न ते इथून अर्ध्या तासाच्या आत. आमच्या गल्लीच्या टोकाला एक गोरे आजोबा राहतात, वय ८४, आजी दोन वर्षांपूर्वी गेल्या, आता मुलाकडे ॲरिझोनाला जायचं ठरलंय म्हणून घर रिकामं करतायत. त्यांचा बर्फ मी काढून देतो त्यामुळे ओळख चांगली. परवा सामान उचलायला गेलो तर गराजमधे ताडपत्रीखाली १९६८ ची मस्टँग!! लाल रंग, टू डोअर, फास्टबॅक (छप्पर उतरत थेट डिकीपर्यंत जाणारी) नाही, साधी हार्डटॉप. पण मागून बघितली तर साधी नाहीये, डिकीवर बदकाच्या शेपटीसारखा स्पॉइलर, लाइट मस्टँगचे तीन-तीन पट्ट्यांचे नाहीत तर लांब आडवे, दारामागे दोन्ही बाजूंना फायबरचे स्कूप (हवेच्या खाचा) आणि पुढच्या जाळीवर घोडाच नाही, नुसती काळी जाळी.

मी विचारलं ही काय भानगड, तर आजोबा काठीने गाडीकडे बोट करून म्हणाले की "ते एक्सपेरिमेंटल आहे". तेवढ्यात मुलाचा फोन आला आणि विषय तिथेच राहिला. रात्री त्या मुलाशी बोललो तर तो म्हणतो हो डॅडी ऑटो लाइनमधे होते, गाडी प्रोटोटाइप आहे, ९० हजार डॉलर दे आणि घेऊन जा. आता माझी बायको इथे वाचत नाही म्हणून सांगतो, मला गाडी हवीये. पण ९० हजार म्हणजे चेष्टा नाही ना राव. डॅशबोर्डवर पॅसेंजरच्या बाजूला काचेतून नंबर दिसतो, सुरुवात ८एफ०१जे अशी आहे, पुढचे आकडे इथे टाकत नाही. अशा गाड्या खऱ्या का खोट्या ते कसं ओळखतात? कुठून सुरू करू?

मधला_बेंच

अमेरिकेत प्रत्येक गराजमधली गाडी प्रोटोटाइपच असते आणि प्रत्येक म्हातारा कंपनीत डिझायनरच असतो 😄 चालू द्या

जुनं_लोखंड

पोऱ्या, आधी चेकबुक आत ठेव. मी ट्रॉयला २६ वर्षं आहे, दर ऑगस्टला वुडवर्डच्या ड्रीम क्रूझला, म्हणजे रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांच्या जत्रेला, खुर्ची टाकून बसतो आणि दरवर्षी किमान दोन लोक मला त्यांची "एकमेव" गाडी दाखवतात.

तुझा नंबर वाचू. ८ म्हणजे १९६८. एफ म्हणजे डिअरबॉर्न प्लँट. ०१ म्हणजे हार्डटॉप, फास्टबॅक असती तर ०२ आणि कन्व्हर्टिबलला ०३. जे म्हणजे ३०२ क्युबिक इंचाचं, फोर बॅरल कार्ब्युरेटरवालं इंजिन. म्हणजे कागदावर ही चांगली पण चारचौघींसारखी गाडी.

आता शेपूट. तू जे वर्णन केलंस, बदकशेपटी, १९६५ च्या थंडरबर्डचे लाइट, फायबरचे स्कूप, घोड्याशिवाय जाळी, ते सगळं मस्टँग कॅलिफोर्निया स्पेशलचं आहे. ६८ साली फोर्डने या चार हजारांच्या आसपास काढल्या, पण त्या सगळ्या सॅन होजे प्लँटमधे झाल्या आणि सॅन होजेचं अक्षर आर. तुझ्या नंबरात एफ आहे. म्हणजे ही कंपनीने विकलेली कॅलिफोर्निया स्पेशल नाही, विषय संपला.

पण थांब, संपला म्हटलं आणि लगेच पंचाईत. कारण डिअरबॉर्नची, हार्डटॉप, आणि कॅलिफोर्निया स्पेशलशी नातं असलेली ६८ ची एक खरीखुरी एक्सपेरिमेंटल गाडी आहेच! शेल्बी म्हणजे मस्टँगच्या दणकट आवृत्त्या काढणारी कंपनी, तिची ईएक्सपी ५००, लोक तिला ग्रीन हॉर्नेट म्हणतात. तिचा फोर्ड नंबर ८एफ०१एस ने सुरू होतो, एस म्हणजे ३९० चं इंजिन. ती आधी कॅलिफोर्निया स्पेशलच्या कामासाठी वापरली, मग शेल्बीचे इंजिनियर फ्रेड गुडेल यांच्या हाताखाली तिच्यात ४२८ चं इंजिन, कॉनेलेकचं इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन, मागे इंडिपेंडंट सस्पेंशन आणि डिस्क ब्रेक असं सगळं घालून बघितलं. १९६८ साली मस्टँगला फ्युएल इंजेक्शन, विचार कर. अशा गाड्या काम झाल्यावर क्रशरखाली जायच्या, ही मात्र कर्मचाऱ्यांना जुन्या गाड्या विकायच्या स्कीममधून बाहेर पडली. २०१३ ला बॅरेट-जॅक्सनच्या लिलावात १८ लाख डॉलरपर्यंत बोली गेली तरी मालकाने दिली नाही.

तिची थोरली बहीण लिटल रेड, १९६७ ची लाल हार्डटॉप. त्या वर्षी शेल्बीने विकायला काढलेल्या जीटी ५०० फास्टबॅक होत्या, हार्डटॉप ही एकटीच. कॅलिफोर्निया स्पेशलची कल्पना हिच्यावरूनच निघाली. ही गाडी भंगारात गेली असंच सगळे धरून चालले होते. आणि सापडली कशी माहितीये का? इतकी वर्षं जो तो शेल्बीने दिलेला सिरियल नंबर घेऊन शोधत होता. शेल्बीकडे जायच्या आधी ती फोर्डची साधी मस्टँग होती ना, तिचा फोर्डचा नंबर वेगळा. तो नंबर टाकून बघितला तेव्हा माग लागला आणि २०१८ मधे टेक्सासमधे एका शेतात ती उभी सापडली, वीसेक वर्षं उन्हापावसात.

तेव्हा स्पॉइलर बघू नको, नंबर बघ. ड्रायव्हरच्या दारावर रिव्हेट मारलेली पट्टी असते तिचा फोटो टाक. बॉडी, रंग, तारीख, डीएसओ, एक्सल, गिअरबॉक्स सगळं तिच्यावर असतं. डीएसओ म्हणजे कुठल्या सेल्स ऑफिसने ऑर्डर केली त्याचा कोड. ८४ निघाला तर होम ऑफिस रिझर्व्ह, म्हणजे फोर्डच्या मुख्य ऑफिसने स्वतःसाठी ठेवलेली, मग मी स्वतः टॉर्च घेऊन येतो. आणि मार्टी रिपोर्ट मागव. फोर्डचं १९६७ पासूनचं प्रॉडक्शन रेकॉर्ड त्यांच्याकडे आहे, नंबर दिला की तुझी गाडी कधी बनली, काय काय घातलं, कुठे गेली ते छापून येतं. आपल्याकडे सातबारा काढतात ना, तसंच समज.

चिंचवड_प्रोटोशॉप

मी मस्टँगवाला नाही, पण पुण्यात प्रोटोटाइप बनवायच्या कामात १४ वर्षं घातलीत म्हणून एक सांगतो. लोकांना वाटतं प्रोटोटाइप म्हणजे चकाचक काहीतरी खास. आमच्याकडच्या प्रोटो गाड्या बघाल तर उलट ओशाळवाण्या असतात, डॅशबोर्डला क्लॅम्प, वायरी टेपने चिकटवलेल्या, दाराचा गॅप एका बाजूला चार मिमी आणि दुसऱ्या बाजूला सात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडी हातातून सोडायची वेळ आली की जी गोष्ट एक्सपेरिमेंटल असते तीच आधी काढून घेतात. मग शिल्लक काय राहतं, तर भोकं. सेन्सरची वायर आत घ्यायला फायरवॉलला (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याला) पाडलेलं भोक, त्याच्यावर रबरी बूच, कशालाच न लागणारा एखादा ब्रॅकेट, मागे वेल्डिंग करून परत घासलेली जागा. आम्ही तर गाडी क्रश करून वर त्याचं सर्टिफिकेट फाइलला लावतो.

त्यामुळे एखाद्या गाडीत सगळे "खास" पार्ट जागच्या जागी, चकचकीत आणि सगळे बोल्ट एकसारखे असतील तर मला उलट शंका येते.

जुनं_लोखंड

@चिंचवड_प्रोटोशॉप एकदम बरोबर बोललात. ग्रीन हॉर्नेट विकली तेव्हा इंजेक्शन काढूनच विकली होती, आज त्या गाडीत जे दिसतं ते नंतर रिस्टोरेशन करताना परत उभं केलेलं आहे.

कमॅरोवाली

मी सिनसिनाटीला असते, माझ्या घरापासून नॉरवूड दहा मिनिटं, जिथे जीएमचा कमॅरोचा प्लँट होता (१९८७ ला बंद झाला, आता तिथे काय काय झालंय ते बघवत नाही). तुम्ही फोर्डवाले सुखी आहात हो, तुमच्या नंबरातच इंजिनचं अक्षर असतं. ६९ ची कमॅरो घ्या, नंबर १२४३७९एन असा सुरू होतो, १ शेव्हरले, २४ म्हणजे व्ही८ वाली कमॅरो, ३७ कूपे, ९ वर्ष आणि एन नॉरवूड. बस. व्ही८ आहे एवढंच कळलं, कुठलं व्ही८ ते देव जाणे. ३०७ वाली मवाळ गाडी आणि झेडएल१, दोघींचे नंबर सारखेच दिसतात.

आणि झेडएल१ म्हणजे काय, तर पूर्ण ॲल्युमिनियमचं ४२७, खरं तर रेसिंगचं इंजिन. सेंट्रल ऑफिस प्रॉडक्शन ऑर्डर, म्हणजे कोपो, त्यातला ९५६० नंबर वापरून एकूण ६९ गाड्या बनवून घेतल्या. पहिल्या ५० ची ऑर्डर इलिनॉयमधल्या ला हार्प नावाच्या एवढ्याशा गावातल्या फ्रेड गिब शेव्हरलेने दिली होती. गाड्या आल्या आणि बिल बघून त्यांना घाम फुटला असणार, नुसत्या इंजिन ऑप्शनचे ४१६० डॉलर, गाडी सात हजारांच्या वर. बऱ्याच खपल्याच नाहीत, परत गेल्या, काहींची इंजिनं काढून घेतली. आज कोणी झेडएल१ म्हणून गाडी दाखवली तर ब्लॉकच्या पुढच्या बाजूला उजवीकडे जो छोटा सपाट पॅड असतो तिथला शिक्का बघायचा, शेवटी एमएल असेल तर मॅन्युअल, एमएम असेल तर ऑटोमॅटिक. पण शिक्का मारायला दोनशे रुपयांचा पंचसेट पुरतो हो! म्हणून अक्षरं नाही बघायची, अक्षरांच्या खालचा पत्रा बघायचा… पत्रा म्हणजे ओतीव धातू, तुम्हाला कळलं. कारखान्यात तो पॅड ब्रोचिंग करून सपाट करायचे, त्याच्या बारीक समांतर रेघा राहतात. कोणी जुना शिक्का घासून नवा मारला की त्या रेघा जातात किंवा एमरी पेपरचे गोल गोल ओरखडे येतात. भिंग घेऊन जा आणि टॉर्च आडवा धरा, सरळ धरला तर काही दिसत नाही.

खऱ्या पहिलटकरणींचं म्हणाल तर १९६६ च्या मे मधे नॉरवूडला ४९ पायलट, म्हणजे विक्रीआधीच्या चाचणीच्या, कमॅरो हाताने जुळवल्या होत्या. त्यातली पहिली, एन१००००१, सोनेरी रंगाची, आणि इंजिन कुठलं तर सहा सिलिंडर 😂 सगळे बिग ब्लॉक (मोठं व्ही८) शोधत बसतात आणि इतिहासातली पहिली कमॅरो निघते बाजारहाटाची.

मोपार_मिरजकर

क्रायस्लरच्या गाड्यांना एक सोय आहे भाऊ, प्लँटमधे गाडीबरोबर फिरणारा ब्रॉडकास्ट शीट नावाचा कागद कामगार कुठेही कोंबून द्यायचे. मागच्या सीटच्या स्प्रिंगमधे, पेट्रोल टाकीच्या वर, ग्लोव्ह बॉक्सच्या वरच्या पोकळीत. बॉनेटखालचा फेंडर टॅग (गाडीची माहिती कोरलेली पट्टी) नकली करून मिळतो, पण ५५ वर्षं उंदरांनी कुरतडलेला कागद नकली करणं अवघड. मस्टँगमधे पण कधीकधी सापडतो म्हणे, सीटखाली हात घालून बघ, हातमोजा घालून.

कँटनकर_पोऱ्या

बापरे, रात्रभर वाचत बसलो. आज शनिवार, आजोबांकडे भिंग-टॉर्च-हातमोजे सगळं घेऊन गेलो. आजोबांनी कॉफी दिली आणि खुर्ची टाकून माझी मजा बघत बसले.

मागच्या सीटखाली: शेंगदाण्याची टरफलं, एक लेगोचा माणूस आणि १९७४ चं पार्किंगचं तिकिट. कागद नाही.

दारावरची पट्टी: बॉडी ६५ए, गिअरबॉक्सच्या जागी डब्ल्यू, डीएसओला दोनच आकडे आणि ते ८४ नाहीत 😞

पण बॉनेट उघडलं आणि गोंधळ वाढला. मला इंजिनातलं शाळेपुरतं कळतं, तरी हे ३०२ वाटत नाही. प्रचंड रुंद आहे, दोन्ही बाजूंना शॉक टॉवरला (पुढच्या चाकांवरच्या पत्र्याच्या उंचवट्याला) टेकायचंच बाकी. व्हॉल्व्ह कव्हरला पाच-पाच बोल्ट. आणि मधला इनटेक मॅनिफोल्ड (हवा-पेट्रोल सिलिंडरांत वाटणारा भाग) व्हॉल्व्ह कव्हरच्या खालपर्यंत आत गेलाय. मॅनिफोल्ड ॲल्युमिनियमचा आहे, मळकट राखाडी, त्याच्यावर उठावदार अक्षरात एक्सई आणि पुढे सहा आकडे. दुसरा कुठलाच नंबर नाही. अक्षरं सरळ रेषेत पण नाहीत, ई एका अंगावर कलंडलाय आणि शेवटचा आकडा बाकीच्यांपेक्षा वर. नकली आहे का हे?

मार्टी रिपोर्ट मागवलाय, एका फॅमिली डिनरच्या पैशात येतोय म्हणून बायकोला सांगावं लागलं नाही.

जुनं_लोखंड

हां, आता बोल. पाच बोल्ट आणि कव्हरखाली शिरलेला मॅनिफोल्ड म्हणजे फोर्डचं एफई इंजिन, ३९० किंवा ४२८ त्या घराण्यातलं. ३०२ ला कव्हरला सहा बोल्ट असतात. पट्टीवरचा डब्ल्यू म्हणजे सी४ ऑटोमॅटिक, तो एफईला लागतच नाही, तिथे सी६ लागतो. गाडीखाली वाकून बघ, पुढचं घंटेसारखं घर वेगळं बोल्ट केलेलं असेल तर सी४, गिअरबॉक्सबरोबर एकसंध ओतलेलं असेल तर सी६. मी पैज लावतो सी६ निघणार. म्हणजे नंबर म्हणतो ३०२, दार म्हणतं सी४ आणि पोटात दुसरंच. कंपनीने प्रयोगासाठी इंजिन बदललं असं होऊ शकतं, पण सत्तरच्या दशकात ठोकलेल्या गॅलक्सीमधलं ३९० काढून मस्टँगमधे घालणारे मिशिगनमधे पैशाला पासरी होते. दोन्ही शक्यता ठेव आणि दुसरी जास्त धर.

पण तो एक्सई मात्र मला झोपू देणार नाही. फोर्डच्या साध्या ओतकामावर सी८एई-९४२५ असला काहीतरी नंबर असतो. सी म्हणजे साठचं दशक, ८ म्हणजे ६८, ए म्हणजे मोठी गाडी (मस्टँग असेल तर झेड), ई म्हणजे इंजिन विभाग, आणि ९४२५ म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड. एक्सई हा प्रॉडक्शनचा नंबरच नाही, तो इंजिनियरिंगच्या एक्सपेरिमेंटल पार्टला द्यायचे. शेव्हरलेवाले तसंच शून्य आणि डॅशने सुरू होणारे नंबर वापरायचे. वाकडी अक्षरं का ते मला सांगता येणार नाही, इथे कोणी ओतकामवालं आहे का?

शिरोली_फाउंड्री

आहे की. कोल्हापुरात ओतकामवाला शोधायला लागतोय व्हय 😀 शिरोली एमआयडीसीत हाय मी, वडिलांपास्नं हाच धंदा.

भावा, अक्षरं वाकडी हायत म्हणून तर मला ते खरं वाटतंय. आता बघा, ज्या पार्टचे हजारो नग काढायचे त्याचा पॅटर्न (वाळूत दाबून साचा पाडायचा नमुना) धातूचा असतोय, नंबर कोरलेला, एकदम सरळ. पण ट्रायलला पाच-धा नगच काढायचे आसतील तर कोण धातूचा पॅटर्न करतंय? लाकडाचा करायचा. आणि नंबर कसा टाकायचा, तर शिशाची नाहीतर पितळेची सुटी अक्षरं मिळत्यात, मागं बारीक खिळा असतोय, ती एकेक करून पॅटर्नवर ठोकायची नाहीतर चिकटवायची. पॅटर्नमेकरनं घाईत ठोकली की एखादं कलंडतंय, वाळूत पॅटर्न चार वेळा दाबून काढला की एखादं सरकतंय. तुमचा ई आसाच कलंडला असणार. नकली करणारा माणूस कधी वाकडं अक्षर टाकत नाही, तो जीव तोडून सरळ टाकतोय आणि तिथंच घावतोय.

आजून तीन गोष्टी बघा. एक, कडंची पार्टिंग लाइन, साच्याची दोन अर्धी जिथं मिळत्यात तिथली, ट्रायल पीसला जाड आणि हातानं ग्राइंड केलेली असते. दोन, खालनं बघितलं तर कोअरचे (आतली पोकळी राखायला साच्यात ठेवत्यात त्या वाळूच्या तुकड्याचे) बारीक पायऱ्यासारखे डाग दिसतील. तीन, आणि हे महत्त्वाचं, पहिल्या ट्रायलमधे निम्मा माल रिजेक्ट जातोय, ॲल्युमिनियमला पोरोसिटी लई, म्हणजे आत सुईच्या टोकाएवढी भोकं. कधी काढलाच मॅनिफोल्ड तर आतल्या बाजूला खडू फासा आणि भायेरनं रॉकेल लावून अर्धा तास थांबा. जिथं खडू ओला हुईल तिथं भोक. आमच्याकडं आजून ही टेस्ट करत्यात, तुमच्या लाखाच्या मशिनचं काय कौतुक नको.

आणि त्या आजोबास्नी इचारा ना काय काम करत होता म्हणून. सगळे गाडीला इचारायलाय, माणसाला कोणच इचारीना.

मधला_बेंच

शिरोलीवाले जिंकले

कमॅरोवाली

@शिरोली_फाउंड्री शेवटची ओळ 👏 मी पंचावन्न वर्षांच्या लोखंडाला भिंग लावायला सांगितलं आणि समोर माणूस खुर्चीत बसलाय.

कँटनकर_पोऱ्या

लोकहो, सगळं उलगडलं आणि मला जरा लाज वाटतीये.

आधी मार्टी रिपोर्ट. मेलवर आला. डिअरबॉर्न, हार्डटॉप, ३०२ फोर बॅरल, सी४, डेट्रॉईट डिस्ट्रिक्ट, एका साध्या डीलरकडे गेली. इंजिनियरिंग नाही, रिझर्व्ह नाही, काही नाही. मी तो कागद घेऊन आजोबांकडे गेलो आणि म्हटलं तुमची गाडी प्रोटोटाइप नाहीये हो, सॉरी. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले बरोबर आहे की, मीच घेतली होती त्या डीलरकडून, नवीन.

म्हटलं मग तुम्ही एक्सपेरिमेंटल म्हणालात ते? तर म्हणाले गाडी कोण म्हणालं, मी मॅनिफोल्ड म्हणालो!! त्या दिवशी काठी गाडीकडे नव्हती, बॉनेटकडे होती. आणि मी ताडपत्री ओढण्यात गुंग.

मग शिरोलीवाल्यांचं ऐकून विचारलं, काय काम करायचात. आजोबा पॅटर्नमेकर!! लाकडाचे पॅटर्न बनवायचे, एका छोट्या शॉपमधे, सात-आठ माणसांचं, जे मोठ्या कंपन्यांना ट्रायलचं ओतकाम करून द्यायचं. मी फोनवर तुमचा रिप्लाय उघडून इंग्रजीत सांगायला लागलो, सुटी अक्षरं, मागे खिळा, तर ते उठले, आत गेले आणि एक सिगारची पेटी घेऊन आले. उघडली तर आत खणाखणात शिशाची अक्षरं. ए, बी, सी, आकडे. अर्धा इंच उंचीची. ई चा खण रिकामा होता, म्हणाले ई सगळ्यात जास्त लागायचा. आणि कलंडलेल्या ई बद्दल विचारलं तर हसले, म्हणाले तो मी ठोकलेला नाही, माझा असता तर सरळ असता, तो माझ्या हाताखालच्या पोराचा.

मॅनिफोल्ड रिजेक्टच होता. पोरोसिटी. वितळवायला जाणार होता तो मालकाला विचारून घरी आणला, घरी इपॉक्सीने बुजवला आणि ७३ साली या गाडीत घातला. इंजिन ३९०, ठोकलेल्या गॅलक्सीमधलं, @जुनं_लोखंड काका तुमची पैज तुम्ही जिंकलात, खाली सी६ आहे, एकसंध.

आणि शेपूट? आजींचं माहेर कॅलिफोर्निया. ६८ साली माहेरी गेल्या तेव्हा तिथे कॅलिफोर्निया स्पेशल बघितली आणि हट्ट धरला. मिशिगनमधे मिळेना. मग आजोबांनी डीलरच्या पार्ट काउंटरवरून एकेक पार्ट मागवला, स्पॉइलर, लाइट, स्कूप, आणि दोन हिवाळे गराजमधे बसून लावले. डिकीत आतून बघितलं मी, लाइटच्या पॅनेलला जे भोक कापलंय त्याची कड इतकी साफ आहे की कारखान्यातली वाटावी. पॅटर्नमेकरचा हात तो. एका जागी मात्र पेन्सिलची रेघ अजून दिसते, कापायच्या आधी मारलेली, आणि तिच्या बाजूला इंचाचा आकडा लिहिलेला.

मुलगा आता ९० म्हणत नाहीये, २२ वर आलाय. बायकोला सांगितलं. ती दोन तास बोलली नाही, मग म्हणाली लाल रंग बरा आहे.

अडचण एकच, आजोबा म्हणतायत गाडी ने पण मॅनिफोल्ड मी ॲरिझोनाला नेणार. मी हो म्हणालो. मग त्या जागी काय लावू?

शिरोली_फाउंड्री

त्यास्नी नमस्कार सांगा आमचा. आणि त्या अक्षराच्या पेटीचा फोटो टाका, वडलांना दाखवायचाय.

जुनं_लोखंड

३९० चा साधा लोखंडी मॅनिफोल्ड घे, स्वॅप मीटला (जुन्या पार्टच्या बाजारात) पडलेले असतात, माझ्याकडे पण एक आहे गराजमधे, पैसे नको, वुडवर्डला एक दिवस गाडीत फिरव. फक्त तो एफईचा लोखंडी मॅनिफोल्ड एकट्याने उचलू नको, कंबर जाते. रविवारी येतो, कोणीतरी दुसरा तगडा माणूस बोलावून ठेव. आजोबा असतील ना तेव्हा घरी?

कँटनकर_पोऱ्या

असतील. कॉफी काळी देतात, साखर आपली आणा.